पाकळी पडेपर्यंत

थोरला भाऊ रामूदादा गेल्यापासून राखणदार देवापुढं गाऱ्हाणं घालायची पाळी आता आपल्यावर येणार, हे दत्तारामला ठाऊक होतं. ती इतक्या लवकर येईल, आणि तीही असला प्रश्न घेऊन, असं मात्र त्याला वाटलं नव्हतं. वर्षातून एकदा नारळ ठेवून ‘सगळ्यांना सुखी ठेव’ म्हणायचं असतं तर त्यानं कसंबसं निभावलं असतं. सुखी ठेव म्हणायला विशेष अभिनय लागत नाही. पण आज देवाला विचारायचं होतं, चाळ सोडू की नको? आणि देव जे काय सांगेल ते त्याच्या तोंडून सगळ्यांनी ऐकायचं होतं. दाढी करताना त्यानं हनुवटी कापून घेतली आणि त्यावर तुरटी फिरवताना आरशातल्या स्वतःला तो हळूच म्हणाला, “बा देवा म्हाराजा...” पुढचं आठवेना.

दत्तारामला पुढचं न आठवणं ही तशी नवलाची गोष्ट होती. गिरणी चालू होती तोवर गिरणीच्या नाट्यमंडळात तो प्रॉम्प्टर होता. राजाची, दारुड्याची, पतिव्रतेची, सगळ्यांची वाक्यं त्यानं विंगेत उभं राहून कुजबुजली होती. टाळ्या कुणाला पडल्या ते जाऊ दे, पण शब्द त्याचे होते, म्हणजे लेखकाचे होते, पण वेळेवर तो देत होता. गिरणी गेली, मंडळ गेलं, सवय राहिली. घरात भांडण झालं की तो दाराआड उभा राही आणि कुणी अडखळलं तर त्याला शब्द पुरवी. स्वतःचं वाक्य असं त्याला कधी लागलंच नव्हतं.

“भाऊ, झालं का तुझं?” बाहेरून धाकटा भाऊ सीताराम ओरडला. “बिल्डरचा माणूस खाली येऊन बसलाय. संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचंय त्याला. दादा असता तर एव्हाना कौल पडून नारळ वाटून झाला असता.”

हे खरं होतं. रामूदादाच्या हातून कौल चटकन पडायचा आणि नेहमी रामूदादाच्याच मनासारखा पडायचा. देवाचं आणि त्याचं जमत असे.

दत्ताराम गॅलरीत आला. गुणाजीच्या वाडीत आता माणसं अशी यांचीच उरली होती. बाकीच्या खोल्यांना कुलपं नव्हती, कारण जाताना लोकांनी दारंसुद्धा बरोबर नेली होती. जिन्याला टेकू लावले होते आणि गेल्या पावसाळ्यानंतर त्या टेकूंना टेकू लावले होते.

आजोबा गुणाजी कोकणातून आले तेव्हा मुंबईत राहायला जागा नव्हती, म्हणून ते मुंबईबाहेर, शीवच्या पलीकडं मिठी नदीच्या काठी झोपडी घालून राहिले. चिखल, तिवरं आणि खेकडे एवढेच शेजारी. शीवच्या कोळीवाड्यातले लोक होडीतून जाताना त्यांना हसायचे. पुढं गुणाजी कुठं गेले नाहीत. मुंबईच चालत त्यांच्याकडं आली. आधी गाववाले आले, मग नळ आला, मग चाळ झाली, मग रस्ता आला. रस्ता दर काही वर्षांनी उंच होत गेला आणि तळमजला जागचा न हलता तळघर झाला. नदीचा कागदोपत्री नाला झाला. मग सुशोभीकरणाची योजना आली तेव्हा तो परत नदी झाला, आणि नदी सुंदर दिसावी म्हणून तिच्यापुढं एवढी उंच भिंत बांधली की ती दिसेनाशीच झाली. आता ती फक्त पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून दिसे. भिंतीपलीकडं काळं पाणी, पाण्यापलीकडं काचेचे टॉवर, आणि टॉवरच्या काचांत उलटं उभं असलेलं हेच टेकू लावलेलं बिऱ्हाड.

राखणदार म्हणजे नदीतूनच काढलेला काळा दगड, अर्ध्या कलिंगडाएवढा. गुणाजींनी तो काठावर बसवला होता, पाण्यापासून वस्ती राखायला. भिंतीचं काम निघालं तेव्हा रामूदादानं त्याला उचलून गॅलरीच्या टोकाला पाटावर आणून ठेवलं. या कुटुंबात पुनर्वसन सगळ्यांत आधी देवाचं झालं होतं. आणि ज्यानं काठ राखायचा तो वर आल्यापासून दर पावसाळ्यात नदी तळमजल्यावर येत होती, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

कौल घ्यायची रीत साधी होती. दगडाच्या अंगावर दोन खळगे होते, एक देवाच्या उजव्या हाताला, एक डाव्या. दोन्हीकडं पाण्यानं एकेक जास्वंदीची पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर होकार, म्हणजे चाळ सोडा. डावी आधी पडली तर नकार, म्हणजे राहा. पाकळी पडेपर्यंत गाऱ्हाणं घालणाऱ्यानं पाटावरून उठायचं नाही, कुणी तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही आणि देवाला हात लावायचा नाही.

कौलाची कल्पना सीतारामचीच. त्याला बदलापुरात फ्लॅट होता आणि वाडीतल्या हक्कावर डोळा. काल संध्याकाळी भांडण टिपेला गेलं तेव्हा तो म्हणाला, “आपण कशाला भांडायचं? देवाला विचारू. देव पण आता रिअलिस्टिक झालाय.”

भांडण मात्र चाळीचं नव्हतं. ते सुभद्रावहिनीचं होतं, म्हणजे तिच्यावरून होतं.

हितेंद्रनं, दत्तारामच्या मुलानं, ठाकुर्लीला वन बीएचके भाड्यानं बघितलं होतं. टॉवर होईपर्यंत तिथं राहायचं. त्यात तो, बायको श्रेया, मुलगी आकांक्षा आणि बाबा. वहिनी, म्हणजे रामूदादाची विधवा, बदलापूरला सीतारामकडं जाईल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, फक्त सीताराम सोडून.

“आमच्याकडं लिफ्ट सारखी बंद असते गं वहिनी,” सीताराम कळवळून म्हणाला होता. “तुझे गुडघे बघ.”

सीतारामचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर होता.

“माका खंयच जावचा नाय,” वहिनी म्हणाली होती. “ह्या घरात लगीन होऊन इलंय, हयसूनच जातलंय. कोणाक काय करूचा हा तां करा.”

“अगं मोठी आई, हे घर पडेल ना डोक्यावर!” हितेंद्र ओरडला होता. “आकांक्षाला मी कॉटन ग्रीनला तिच्या आजीकडं का ठेवलंय? रात्री माती पडते तिच्या अंगावर. तू ऐक ना जरा!”

मोठी आई म्हणजे वहिनीच. हितेंद्रची आई तो शाळेत जायच्या आधीच गेली. तेव्हापासून त्याला आणि दत्तारामला जेवायला वाढणारी हीच. तिला स्वतःचं मूल नव्हतं आणि त्याबद्दल ती कधी बोलली नव्हती, बहुधा वेळच मिळाला नसावा.

“भाऊ, तू बोल ना काहीतरी,” सगळे शेवटी दत्तारामकडं वळले होते.

“तुम्ही बोला,” दत्ताराम म्हणाला होता, “मी ऐकतोय.”

तेच त्याला आता खात होतं. वहिनीला दुसऱ्याच्या दारात पाठवायचं नाही, एवढं एक वाक्य त्याच्या घशात होतं. ते म्हणायला कुणी प्रॉम्प्ट करत नव्हतं.

गॅलरीत वहिनीनं झाडून रांगोळी घातली होती. सकाळी देवाला आंघोळ घातल्यावर दत्ताराम सवयीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिला होता आणि तिथून त्यानं दोन गोष्टी पाहिल्या होत्या. पहिली, वहिनी देवाला नमस्कार करायला गेली ती एक मूठ मिटून, आणि तिथं बराच वेळ वाकून राहिली. त्याआधी ती वाटीत गूळ विरघळवत होती. विचारलं तर म्हणाली, “खोकल्याक.” तिला खोकला नव्हता. दुसरी, दहावीच्या निकालानंतर देवासमोर कधी न वाकलेला हितेंद्र इकडंतिकडं बघत जाऊन वाकून आला, आणि आकांक्षाच्या प्रोजेक्टची फेव्हिकॉलची बाटली, जी तिच्याबरोबर कॉटन ग्रीनला जायला हवी होती, ती त्याच्या पँटच्या खिशातून डोकावत होती.

दत्ताराम काय ते समजला. वहिनीला राहायचं होतं, म्हणजे तिनं उजवी पाकळी पडू नये म्हणून तिथं गूळ लावला. हितेंद्रला जायचं होतं, म्हणजे त्यानं डावीकडं फेव्हिकॉल लावला. दोघांचं चुकत नव्हतं. घरातला प्रत्येकजण देवाला मदत करत होता.

हे सांगून टाकावं असं त्याला वाटलं. मग वाटलं, कुणाला सांगावं? आणि सांगून वहिनीचं तोंड कुठं ठेवावं? तो गप्प राहण्यात तरबेज होता.

“बसा भावोजी,” वहिनी म्हणाली. “सावकाश म्हणा. विसरलात तर मी आसंय.”

दत्ताराम पाटावर बसला. मागं सीताराम हात जोडून, त्याच्या बाजूला हितेंद्र, श्रेया ओढणी डोक्यावर घेऊन. श्रेया कॉटन ग्रीनची, तिच्या माहेरी कौलबिल नव्हतं, त्यामुळं ती परीक्षेला बसल्यासारखी बसली होती. दत्तारामनं बोट पाण्यात बुडवून उजवीकडं पाकळी लावली. ती लागली, जरा जास्तच लागली. डावीकडं लावली. तीही. बोटं चिकट झाली. त्यानं ती धोतराला पुसली आणि डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!” मागून सगळे म्हणाले. गाऱ्हाण्याला मागच्यांनी होकार द्यायचा असतो. त्यात काय म्हटलंय ते ऐकायचं नसतं.

“आज ही जी काय लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत...”

“व्हय म्हाराजा!”

“तेंचो... तेंचो...”

तो अडला. कानामागं घाम आला. मागून वहिनीचा आवाज आला, हळू, स्वच्छ, विंगेतून यावा तसा: “सांभाळ कर.”

“तेंचो सांभाळ कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्या नदीच्या काठार आमच्या आज्यान जी वस्ती केल्यान, ती... ती सोडूची असात तर उजवो दी, रवाचा असात तर डावो दी. चूकभूल पदरात घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

झालं. आता फक्त बसायचं होतं.

जास्वंदीची पाकळी पाण्यावर किती वेळ धरणार? ऊन आलं, पाणी सुकलं की ती पडतेच. ऊन आलं. पाणी सुकलं. पाकळ्या दगडाला अशा बसल्या होत्या की जणू दगडालाच फुटल्यात.

“पडतेय, पडतेय,” सीताराम म्हणाला. “उजवीची कडा हलली.”

“वाऱ्यानं हलली,” श्रेया म्हणाली.

“वारा कुणाचा असतो? देवाचाच ना.”

खालून आवाज आला, “काका! झालं का फायनल?” बिल्डरचा माणूस अमित. डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून तो रस्त्यावरच उभा होता. वाडीत पाय ठेवायला त्याला कंपनीची परवानगी नव्हती, जिन्यामुळं.

“देवाचा निर्णय येतोय!” सीताराम ओरडला.

“जरा फास्ट घ्या ना. सर विचारतायत. इनप्रोसेस आहे सांगू का?”

“सांग!”

ऊन गॅलरीतून सरकलं. श्रेयाला तहान लागली, ती गिळून बसली. सीतारामला मधुमेह होता, तो घाम पुसू लागला. हितेंद्र दर थोड्या वेळानं दगडाकडं आणि मग चटकन नदीकडं बघत होता. वहिनी कुठंच बघत नव्हती. तिचे हात मांडीवर होते आणि एका हाताच्या बोटांनी ती दुसऱ्या हाताची बोटं पुसत होती.

दत्तारामच्या पायाला मुंग्या आल्या. आधी त्याला वाटलं, पायाला आल्या. मग पाहिलं तर खऱ्या होत्या. तांबड्या, बारीक, फरशीच्या फटीतून निघून शिस्तीत देवाच्या पाटावर चढत होत्या, पाटावरून दगडावर.

“मुंग्या!” सीताराम हर्षानं म्हणाला. “शुभ असतं भाऊ. लक्ष्मी येतेय.”

मुंग्या डावीकडं वळल्या.

दत्तारामनं डोळे बारीक केले. मुंग्या डाव्या पाकळीखाली जात होत्या. उजवीकडं एकसुद्धा नव्हती. म्हणजे गूळ डावीकडं होता. गूळ वहिनीचा होता. आणि डावी पाकळी पडू नये अशी इच्छा ज्याची, त्याला चाळ सोडायची होती.

त्याला हे दोनदा मनात म्हणावं लागलं. राहायचं राहायचं म्हणून काल घर डोक्यावर घेतलेली ही बाई गुपचूप सगळ्यांना घराबाहेर काढत होती.

मग फेव्हिकॉल?

तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवर पायलिंगचं मशीन सुरू झालं. तिथं टॉवरचा पाया घालत होते. धम्म, आणि घरातली सगळी भांडी एकदम बोलली. धम्म, आणि रामूदादाचा फोटो खिळ्यावर तिरका झाला. धम्म, आणि गॅलरीच्या छताचा गिलावा सुटून श्रेयाच्या ओढणीवर पडला. वासे करकरले, खिडकीची काच तडकली, खाली जिन्यात काहीतरी लाकूड घसरत गेल्याचा लांबलचक आवाज आला. वाडीतली प्रत्येक गोष्ट जागची हलली. दोन पाकळ्या सोडून.

“काका, टेकू गेला!” अमित खालून किंचाळला. “जिन्याचा टेकू गेला! खाली या, आत्ता खाली या!”

हितेंद्र उठला. “बाबा, चला. श्रेया, चल, पर्स राहू दे. मोठी आई, ऊठ!”

“थांब!” सीताराम म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण नियम नियम होता. “कौल पडला नाही. भाऊनं उठायचं नाही.”

“काका, घर पडतंय!”

“अर्ध्यावर सोडलेला कौल सात पिढ्यांना लागतो रे! दादा सांगायचा.”

“भावोजी, उठू नकात,” वहिनीही म्हणाली. “तुमी बसा. पोरांका धाडा खाली. मी बसतंय तुमच्यासोबत.”

पुन्हा धम्म. यावेळी गॅलरीचा कठडा आत वाकला आणि सरळ झाला. दत्ताराम पाटावर बसून होता. आयुष्यात पहिल्यांदा सगळे त्याच्या वाक्याची वाट बघत होते आणि वाक्य देणारा कुणी नव्हता. त्यानं पुढं वाकून उजव्या पाकळीचा वास घेतला. शाळेच्या प्रोजेक्टचा वास.

“हितू,” तो म्हणाला, “फेव्हिकॉल उजवीकडं का लावलास?”

उठलेला हितेंद्र जागीच थांबला. मशीनसुद्धा थांबलं, पण ते बहुधा अमित त्यांच्याकडं धावत गेला म्हणून.

“तू तर जायचं म्हणत होतास,” दत्ताराम म्हणाला. “उजवी पडली असती तर जायचं होतं.”

हितेंद्रचे कान लाल झाले. श्रेयाकडं न बघता तो म्हणाला, “डिपॉझिट भरून झालंय, सगळं ठरलंय. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होतो? पण मोठी आईला काकांकडं... तिला तिथं कोण विचारणार होतं, बाबा? म्हटलं, देवच नाही म्हणू दे.”

“म्हणजे काय?” सीताराम म्हणाला. “मी काय तिला उपाशी ठेवणार होतो?”

“लिफ्ट बंद असते ना,” श्रेया म्हणाली.

“आणि वहिनी,” दत्ताराम म्हणाला, “खोकला बरा आहे का?”

वहिनीनं पदर तोंडाला लावला. मग काढला. “काल सगळ्यांपुढे बोलून चुकलंय, जावचा नाय म्हणान. परत कसां फिरवू? आणि ता चेडू थंय आज्जीकडे रवता, रोज फोनार विचारता, मोठे आज्जी, माती पडता काय गे? माझ्या हट्टापायी ह्या पोरांच्या डोक्यार माळो पाडू काय मी?”

“मग तू कुठं जाणार होतीस?” दत्तारामनं विचारलं.

“बघलंय असतंय खंय तरी,” वहिनी म्हणाली, आणि ते इतकं हलकं म्हणाली की दत्तारामला तिनं कालपासून केलेला सगळा आरडाओरडा ऐकू आला.

धम्म पुन्हा झालं नाही, पण चाळ स्वतःच आता बारीक करकरत होती, नाटक सुरू व्हायच्या आधी पडदा हलतो तशी. दत्तारामनं हात जोडले. डोळे मिटले नाहीत.

“गाऱ्हाणं संपलेलं नाही,” तो म्हणाला. “बसा.”

“बाबा...”

“बस म्हटलं ना!”

दत्ताराम ओरडला आहे हे कळायला सगळ्यांना क्षणभर लागला. मग सगळे बसले, सीताराम सर्वांत आधी.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” चौघं कुजबुजले.

“तुका विचारूक आमची चूक झाली. हो प्रश्न तुझो न्हय. हो आमचो हा.”

“व्हय म्हाराजा.”

“आमी आज हे घर सोडतो. तू पण आमच्यावांगडा येतलंस.”

“व्हय म्हाराजा.”

“सुभद्रा आमच्याबरोबर ठाकुर्लीक रवतली. ती जंय जायत थंय मी जातलंय. जागा कमी पडली तर हॉलात मी आणि ती दोन टोकांका दोन गाद्ये घालून पडतलो, पण बदलापूर नाय आणि बघलंय असतंय पण नाय!”

“व्हय म्हाराजा!” हितेंद्रचा आवाज फुटला. वहिनी काही म्हणाली नाही, ती गाऱ्हाण्याचा विषय होती. सीताराम “व्हय म्हाराजा” मोठ्यानं आणि फार मोकळेपणानं म्हणाला. श्रेयाचं थोडं उशिरा आलं. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा तिरक्या झालेल्या फोटोकडं, डोक्यावरचा गिलावा झटकला आणि म्हणाली, “व्हय म्हाराजा. पण मोठ्या आई, हॉलमधल्या टीव्हीवर रात्री मी माझी सिरियल बघते.”

“बघ गो. माका काय, मी झोपतलंय.”

“तुम्ही घोरता.”

“तू आवाज वाढय.”

“चूकभूल पदरात घे म्हाराजा!” दत्ताराम घाईघाईनं म्हणाला, कारण मागं कुठंतरी एक वासा मोडल्यासारखा वाजला होता. तो उठला. सात पिढ्यांचं काय व्हायचं ते होवो म्हणून त्यानं राखणदाराला दोन्ही हातांनी उचललं. दगड त्याला वाटला होता तेवढा जड नव्हता. वहिनीनं पुढं होऊन तो पदरात घेतला.

जिना त्यांनी भिंतीला चिकटून, एकेकानं उतरला. निसटलेला टेकू खाली आडवा पडला होता, त्यावरून वहिनीला हितेंद्रनं उचलून पलीकडं ठेवलं. ती त्याच्यावर ओरडली की देव पडेल. रस्त्यावर आल्यावर सगळे वळून वर बघत उभे राहिले. सगळ्यांची अशी समजूत होती की आता चाळ पडेल. चाळ पडली नाही. ती तशीच उभी राहिली, दारं नसलेली, कठड्यावर वाळत टाकलेला श्रेयाचा टॉवेल घेऊन, यांच्याकडंच बघत. सीतारामला तर थोडं फसवल्यासारखं वाटलं.

“काका,” अमित हेल्मेट काढून म्हणाला, “काय झालं मग? देव काय बोलले? सरांना काय सांगू?”

दत्ताराम भिंतीकडं बघत होता. भिंतीपलीकडं नदी होती, वासावरून कळत होती.

“सांग,” तो म्हणाला, “देव बोलले, तुमचं तुम्ही बघा.”

“म्हणजे येस ना?”

“येस,” हितेंद्र म्हणाला. “लिही. आणि सामान काढायला माणसं दे.”

सीताराम स्टेशनकडं गेला. जाताना त्यानं वहिनीच्या पाया पडून सांगितलं की लिफ्ट चालू झाली की तो स्वतः न्यायला येईल. बाकीच्यांनी टॅक्सी केली, आकांक्षाला घ्यायला कॉटन ग्रीनला आणि तिथून पुढं. ड्रायव्हरनं दगडाकडं पाहिलं आणि विचारलं, “डिक्कीत टाकू?” वहिनीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पूल येईपर्यंत गप्प राहिला.

दिवेलागणीला पुलावर गाडी वर चढली तशी भिंतीपलीकडची नदी एकदम दिसली. वरून ती रुंद दिसत होती, काठावर एकही झोपडी नव्हती, नुसता शहराचा उजेड तिच्यावर हलत होता. मागच्या सीटवर वहिनी मध्ये, मांडीवर राखणदार. एका बाजूला श्रेया, दुसऱ्या बाजूला दत्ताराम. हितेंद्र पुढं बसून ठाकुर्लीच्या घरमालकाला फोनवर ‘एक माणूस वाढलंय’ हे वेगवेगळ्या शब्दांत सांगत होता. गाडीनं खड्डा घेतला.

“पडली!” श्रेया म्हणाली. “मोठ्या आई, पाकळी पडली! कुठली?”

वहिनीनं मांडीवरून पाकळी उचलली. दगडाच्या कुठल्या अंगाची होती ते न बघता, किंवा बघून, दत्तारामला काच खाली करायला लावून तिनं ती त्याच्यापुढून हात काढून नदीत टाकली.

“काय माहीत,” ती म्हणाली. “माका दिसलां नाय.”

दत्तारामनं तिच्या हाताकडं पाहिलं. बोटांवर दोन तांबड्या मुंग्या फिरत होत्या, वाट चुकल्यासारख्या. त्यानं आपल्या धोतराच्या सोग्यानं त्या हळूच झटकल्या, काच वर केली आणि ड्रायव्हरला म्हणाला, “सरळ घ्या.”